लाइट येते, नेट येत नाही: जुन्या पीसीच्या घरगुती फायरवॉलचं दरवेळचं दुखणं

लाइट जाते, तासाभराने येते. फायबरच्या डब्यावरचे दिवे हिरवे होतात, फोनवर वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसते, आणि तरी एकही पान उघडत नाही. जुन्या पीसीवर पीएफसेन्स हे सॉफ्टवेअर टाकून तुम्ही घरचा राउटर-फायरवॉल (घर आणि इंटरनेट यांच्यातला पहारेकरी) केला असेल आणि दर मोठ्या वीजखंडानंतर हेच होत असेल, तर पुन्हा इन्स्टॉल करायच्या आधी हे वाचा. मी एकदा इन्स्टॉल केलं, एकदा सगळं रीसेट केलं. दोन्ही वेळा नेट सुरू झालं, म्हणून मला वाटलं की रोग सापडला. तो सापडला नव्हता.

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेलेला असतो. लाइट गेली की मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि घड्याळ चुकलं की डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सोय) कुठलंच उत्तर खरं मानत नाही. सेल बदला आणि खाली दिलेल्या दोन सेटिंग बघा. हे कसं घडतं आणि दुसऱ्या कारणांपासून वेगळं कसं ओळखायचं, ते सविस्तर पुढे आहे.

मशीन कुठलं, कुणाकडचं

हे मशीन नाशिकरोडला जेल रोडवर माझ्या मावशीकडे आहे. काका प्रेसमधून रिटायर झालेले. मावसबहीण, म्हणजे ताई, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, त्यामुळे त्या घरात नेट बंद पडणं म्हणजे तिची अर्धी रजा जाणं. माळ्यावर एका ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप पडून होता: दोन कोरचा ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम. त्यात १२० जीबीचा एसएसडी टाकला, बोर्डावरच्या लॅन पोर्टच्या जोडीला इंटेल चिपचं एक लॅन कार्ड बसवलं, आणि झालं. एका पोर्टला फायबरचा डबा, दुसऱ्याला स्विच, स्विचला जुना वायफाय राउटर फक्त ॲक्सेस पॉइंट म्हणून. (त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणं, बंद; वायर वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या नव्हे, तर लॅनच्या, म्हणजे घराच्या बाजूच्या भोकात. इथे बरेच जण फसतात.)

६४ बिट मुद्दाम सांगितलं. पीएफसेन्सने २०१७ मध्ये २.४ आवृत्तीपासून ३२ बिट प्रोसेसर सोडून दिले, तेव्हा फार जुना डबा असेल तर आधी ते तपासा. विजेचाही हिशोब सांगून ठेवतो. असा डेस्कटॉप नुसता चालू राहिला तरी ५० वॅटच्या आसपास खातो. २४ तासांचे १.२ युनिट, महिन्याचे ३६. बाजारातला छोटा राउटर याच्या पाव हिश्शातही चालतो. तरी मी हेच निवडलं, कारण काकांकडे चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आहे आणि त्याने बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरशी बोलू नये असं मला वाटत होतं. त्यासाठी एक नियम लिहिला की काम झालं. घरातला कुठला डबा कुणाशी काय बोलतो, हे घरातल्यांना दिसायला हवं असं मी मनापासून मानतो. या जुन्या मशीनने ते दाखवलं.

काय होत होतं

मे महिन्यात वळवाने दोन-तीन वेळा झोडपलं. पहिल्यांदा मावशीचा फोन आला तो रात्री नऊला.

"अरे, लाइट आली पण नेट नाही आलं. तुझा तो सीपीयू चालूच झाला नाही."

"बटण दाब ना मावशी एकदा."

"दाबलं. पंखा फिरतोय. पण ताईचं काही उघडत नाहीये."

"बंद करून परत चालू कर."

"दोनदा केलं रे. तूच ये उद्या."

दुसऱ्या दिवशी द्वारका चौकाचं ट्रॅफिक पार करून गेलो. मला वाटलं, लाइट अचानक गेल्याने डिस्कवरचं काहीतरी बिघडलं असणार. पेन ड्राइव्ह लावला, नव्याने इन्स्टॉल केलं, दहा मिनिटांत नेट सुरू. मग माझी जुनी सेटिंग बॅकअपमधून परत भरली, तरी नेट चालूच. समाधानाने घरी आलो.

दहा दिवसांनी तोच प्रकार. या वेळी इन्स्टॉल न करता फॅक्टरी सेटिंगवर नेलं, नेट आलं. पुन्हा बॅकअप भरला, नेट राहिलं. आता मी डिस्कवर संशय घेऊन एसएसडीची वायर बदलली.

तिसऱ्या वेळी मला वाट दाखवली ती काकांनी. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने नोंदी ठेवल्या होत्या: लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली, नेट आलं की नाही. प्रेसमधली सवय. त्या महिन्याच्या पानावर सात नोंदी होत्या. दोन-तीन मिनिटांसाठी लाइट गेली त्या चारही वेळा नेट आपोआप परत आलं होतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त गेली त्या तिन्ही वेळा नाही.

मी त्या पानासमोर बराच वेळ उभा राहिलो. डिस्क बिघडत असती तर लाइट दोन मिनिटं गेली काय आणि दोन तास गेली काय, तिला फरक पडायचं कारण नव्हतं. झटका दोन्ही वेळा सारखाच. मग या मशीनमध्ये असं काय आहे, जे वीज नसताना हळूहळू संपतं?

लॉगमधली पहाट

लॅपटॉप स्विचला वायरने जोडला आणि ब्राउझरमध्ये मशीनचा आकडी पत्ता टाकून आत शिरलो. नेट नसलं तरी हे पान उघडतं, कारण आकडी पत्त्याला डीएनएस लागत नाही. सिस्टिम लॉग काढला. आदल्या संध्याकाळच्या नोंदी व्यवस्थित होत्या, मे महिन्याच्या, ७ वाजून ४० मिनिटांपर्यंत. त्याच्या लगेच पुढची ओळ होती १ जानेवारीची, ५ वाजून ३१ मिनिटांची. तिथून पुढे सगळं १ जानेवारी.

लॉगमध्ये साल लिहिलेलं नसतं. ते डॅशबोर्डवर, तारखेच्या चौकटीत, समोरच होतं: २००९. आधीच्या दोन्ही खेपांना मी हेच पान उघडलं होतं आणि नजर फक्त वॅनच्या हिरव्या बाणाकडे गेली होती.

काकांनी विचारलं, "पहाटे साडेपाचच का रे?"

प्रश्न अगदी नेमका होता. मशीनचं घड्याळ पुसलं गेलं की ते बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेल्या तारखेपासून, मध्यरात्री शून्य वाजल्यापासून सुरू होतं. पीएफसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि बोर्डावरचं घड्याळ जागतिक वेळेचं आहे असं धरतं. भारताची वेळ त्याच्यापुढे साडेपाच तास. म्हणून शून्य वाजल्याचे आपल्याकडे साडेपाच, आणि मशीन उठायला लागलेलं एक मिनिट धरून ५:३१. तुमच्या लॉगमध्ये वीज आल्यानंतरच्या नोंदी अशा साडेपाचच्या आसपास सुरू होत असतील, तर निदान तिथेच झालं म्हणा.

घड्याळ चुकलं तर नेट का बंद पडतं

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, मनगटी क्वार्ट्झ घड्याळात असतो तशाच स्फटिकावर चालणारं, सेकंदाला ३२,७६८ कंपनं. मशीन बंद असलं तरी प्लग लावलेला आणि लाइट असेल, तर एसएमपीएसमधून (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) ५ व्होल्टची एक बारीक धार बोर्डाला मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं. लाइटच गेली की सगळी मदार सेलवर. म्हणून रीस्टार्ट कितीही वेळा करा, दोष दिसत नाही. प्लग काढल्यावरच दिसतो. दोन-तीन मिनिटं सेलच्या उरल्यासुरल्या दमावर निघतात, अर्धा तास निघत नाही.

आता डीएनएस. पीएफसेन्समध्ये नावावरून पत्ता शोधण्याचं काम अनबाउंड नावाचा प्रोग्राम करतो, आणि त्यात डीएनएससेक ही तपासणी मुळातच चालू असते. २०१० पासून इंटरनेटवरच्या नावांच्या मूळ यादीवर डिजिटल सही असते आणि तिथून खाली साखळी येते. प्रत्येक सहीला दोन तारखा: या दिवसापासून खरी, या दिवसापर्यंत खरी. बँकेत पुढच्या तारखेचा चेक दिला तर काउंटरवरचा माणूस कॅलेंडरकडे बघून तो परत करतो. आमच्या मशीनच्या कॅलेंडरवर २००९ होतं. त्याच्या दृष्टीने जगातली प्रत्येक सही पुढच्या तारखेची, म्हणून प्रत्येक उत्तर परत. डीएनएससेक इथे आपलं काम चोख करत होतं.

पण मशीन स्वतःहून वेळ दुरुस्त करत नाही का? करतं. एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) टाइम सर्व्हरला विचारतं. एरवी मोठा फरक दिसला की एनटीपी हात टेकतं, पण चालू होतानाच्या पहिल्या दुरुस्तीला पीएफसेन्स त्याला सूट देतं, मग फरक कितीही वर्षांचा असो. अडचण वेगळीच आहे. टाइम सर्व्हर नावाने नोंदलेला असतो, आणि नावाचा पत्ता शोधायला डीएनएस लागतं.

हे सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे वेळ विचारायला फोन करायचा, आणि फोन नंबर शोधायला आधी वेळ माहीत पाहिजे."

अगदी हेच.

आणि इथे माझी एक सेटिंग आडवी आली. जनरल सेटअपमध्ये डीएनएस कसं वापरायचं याचा एक पर्याय आहे. मूळ सेटिंगमध्ये मशीन आधी स्वतःच्या अनबाउंडला विचारतं, तिथे जमलं नाही तर बाहेरच्या डीएनएसला, म्हणजे फायबरच्या डब्याने सुचवलेल्या किंवा तुम्ही नोंदलेल्या सर्व्हरला. मी ते बदलून "फक्त स्थानिक, बाहेरचं दुर्लक्षित करा" असं केलं होतं, कारण घरातल्या चौकश्या बाहेरच्या सर्व्हरकडे जायला नको होत्या. त्यामुळे सुटकेची एकुलती एक वाटही बंद झाली.

इन्स्टॉल किंवा फॅक्टरी रीसेट केल्यावर नेट का येत होतं, तेही यातूनच उलगडलं. रीसेटमुळे मूळ सेटिंग परत यायची, मशीन बाहेरच्या डीएनएसला विचारून टाइम सर्व्हर गाठायचं, घड्याळ बरोबर व्हायचं. मग मी बॅकअप भरायचो. तोवर वेळ बरोबर झालेली असल्याने सगळं सुरळीत चालायचं, पुढची लाइट जाईपर्यंत.

मशीन आपोआप चालू न होणं हेही त्याच सेलचं काम. वीज आल्यावर स्वतःहून चालू हो, ही सेटिंग मी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) केली होती. सेल मेल्यावर बायोसची सगळी सेटिंग पुसली जाऊन मूळपदावर यायची, आणि त्यात ती बंद. मॉनिटर लावलेला नसल्यामुळे "तारीख-वेळ ठरलेली नाही" हा संदेश कुणाला दिसतच नव्हता. पेन ड्राइव्हवरून सुरू करताना मी स्वतः बटण दाबून त्याच्या पुढे गेलो होतो. या बोर्डावर तो संदेश दोन सेकंदांत जातो. काही बोर्ड एफ१ दाबेपर्यंत तिथेच थांबून राहतात, मग घरच्यांना वाटतं की मशीनच मेलं. म्हणून संशय आला की पहिलं काम म्हणजे घरातला टीव्ही किंवा जुना मॉनिटर जोडा आणि पहिली दहा सेकंदं डोळ्यांनी बघा.

ओळखायचं कसं

मशीनला मॉनिटर-कीबोर्ड जोडला की पीएफसेन्सचा आकड्यांचा मेनू दिसतो. ७ नंबर पिंगचा, म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघायचा. आधी १.१.१.१ ला (बाहेरच्या एका सर्व्हरचा आकडी पत्ता) पिंग करा. उत्तर आलं म्हणजे फायबर, वायर, वॅन पोर्ट सगळं ठीक. मग कुठल्याही साइटच्या नावाला पिंग करा. आकड्याला उत्तर आणि नावाला नाही, असं असेल तर दोष डीएनएसचा, आणि लगेच तारीख बघायची. ८ नंबरने शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागी, जा आणि डेट ही कमांड द्या.

नेट ताबडतोब हवं असेल तर तिथेच वेळ हाताने भरता येते. डेट लिहून एक जागा सोडा आणि सालाचे शेवटचे दोन आकडे, महिना, दिवस, तास, मिनिट सलग लिहा. १४ जून २०२५ संध्याकाळचे साडेसात असतील तर २५०६१४१९३०. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षर-आकड्यांत करायचं. नंतर ब्राउझरमधल्या पानावर सर्व्हिसेसच्या यादीतून डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे तोच अनबाउंड, एकदा रीस्टार्ट करा, कारण आधीची नाकारलेली उत्तरं तो थोडा वेळ धरून बसतो. मिनिटभरात पानं उघडायला लागतात. तिसऱ्या खेपेला मी हेच केलं, आणि ताई लगेच मीटिंगला बसली.

पण एवढ्यावर थांबलात तर पुढच्या वळवाला पुन्हा हेच.

कायमचा इलाज

सेलचं नाव सीआर २०३२. लिथियमचा, ३ व्होल्टचा. नावातल्या २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. हे माहीत असलेलं बरं, कारण बिटकोजवळच्या घड्याळाच्या दुकानात मला आधी सीआर २०२५ दिला गेला. तोही ३ व्होल्टचाच, पण जाडी २.५ मिलिमीटर. खोबणीत तो सैल बसतो आणि हादऱ्याने सुटतो. नेताना जुना सेल सोबत न्या.

सेल काढताना प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग मशीनचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. खोबणीच्या कडेला पत्र्याची बारीक जीभ असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल आपोआप वर उसळतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, त्याखालीच बोर्डाच्या बारीक रेषा असतात. नवा सेल बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर.

काकांनी त्यांच्या खणातला मल्टिमीटर काढला. जुना सेल: १.९ व्होल्ट. नवा: ३.२. ते दोन आकडे बघितल्यावर पुढे काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

सेल बदलल्यावर बायोसमध्ये एकदा जावंच लागतं. तारीख भरा. वेळ भरताना भारताची वेळ न भरता साडेपाच तास मागची भरा. नंतर कधी बायोसमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसली तर घाबरू नका, तिथे तीच बरोबर आहे. वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग, बहुतेक बोर्डांवर "रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा त्यासारख्या नावाची, ती "पॉवर ऑन" करा. कीबोर्ड नसला तरी अडून बसू नये म्हणून "हॉल्ट ऑन" असा पर्याय असेल तर तिथे "नो एरर्स". बूटमध्ये पहिला नंबर डिस्कचा. एफ१० ने सेव्ह.

आता पीएफसेन्समधल्या त्या दोन सेटिंग. सेल पुन्हा कधीतरी मरणारच, तेव्हा घर अडायला नको म्हणून या करून ठेवा.

पहिली: एनटीपीच्या यादीत नेहमीच्या नावांसोबत एक-दोन टाइम सर्व्हर आकड्यांनी लिहा. क्लाउडफ्लेअरचे १६२.१५९.२००.१ आणि १६२.१५९.२००.१२३ हे दोन मी टाकले आहेत. आकड्याला डीएनएस लागत नाही, त्यामुळे घड्याळ २००९ वर असलं तरी मशीन थेट वेळ विचारू शकतं. नंतर एनटीपीच्या स्टेटस पानावर "रीच" नावाचा रकाना बघा. तिथला आकडा वाढत जाऊन ३७७ झाला की शेवटच्या आठही चौकश्यांना उत्तर मिळालं असं समजा. तो आकडा अष्टमान पद्धतीतला आहे, म्हणून विचित्र दिसतो.

दुसरी: डीएनएसचा तो पर्याय मूळपदावर, म्हणजे आधी स्थानिक आणि नाही जमलं तर बाहेरचं. याचा परिणाम फक्त मशीनच्या स्वतःच्या चौकश्यांवर होतो. घरातले फोन-लॅपटॉप अनबाउंडलाच विचारत राहतात, त्यामुळे मला हवा असलेला खासगीपणा जवळपास तसाच राहिला. आधी हे नीट वाचलं असतं तर मी ती सेटिंग बदललीच नसती.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: डीएनएससेक बंद करू नका. ते बंद केलं की नेट लगेच येतं, हे खरं. म्हणून हा सल्ला सगळीकडे फिरतो. पण खोटं उत्तर ओळखणारी तपासणीच काढून टाकली, तर फायरवॉल बसवण्यामागचा अर्धा हेतू गेला. शिवाय घड्याळ चुकलेलंच राहतं. लॉगच्या तारखा निरुपयोगी होतात, वेळेवर बांधलेले नियम (मुलांचं नेट रात्री दहाला बंद, असे) भलत्या वेळी लागतात आणि अपडेटसुद्धा अडतात, कारण सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रांनाही तारखा असतात.

सारखी दिसणारी दुसरी दुखणी

आकड्यालाही पिंग जात नसेल तर सेलचा पाठलाग सोडा. फायबरचा डबा रीसेट होऊन १९२.१६८.१.१ वर आला असेल आणि पीएफसेन्सचं लॅनही मूळ सेटिंगप्रमाणे १९२.१६८.१.१ वर असेल, तर दोन्ही बाजूंना एकच पत्ता होतो आणि मशीनला कळत नाही की कुठला माल कुठे पाठवायचा. लॅनचा पत्ता पहिल्या दिवशीच १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करून टाका. मावशीकडे तो मी सुरुवातीलाच बदलला होता, म्हणून हा घोळ तिथे झाला नाही.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, असं असेल आणि नेट पीपीपीओईवर, म्हणजे युजरनेम-पासवर्डने चालत असेल, तर वॅनचा एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप, बाइटमध्ये) १४९२ आहे का बघा. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट स्वतःसाठी घेतं, १५०० वजा ८. याचा लाइटशी काही संबंध नाही, पण मोडेम बदलल्यानंतर अचानक सुरू होतं म्हणून लोक गोंधळतात.

काही केबलवाले पहिल्यांदा जोडलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता (त्याच्या लॅन पोर्टचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात. मग नव्या मशीनला पत्ताच मिळत नाही. त्यांना फोन करून मॅक बदलून घ्या, किंवा जुन्या राउटरचा मॅक वॅनच्या पानावर भरा. आणि दुसरा पोर्ट म्हणून यूएसबीचं लॅन लावलं असेल तर ते या कामातून काढा. सुरू होताना ते कधी उशिरा ओळखलं जातं, आणि मग मशीन वॅन कुठला, लॅन कुठला हे विचारत कन्सोलवर थांबून राहतं. इंटेल चिपचं जुनं कार्ड सेकंडहँड मिळतं, तेच घ्या.

इन्व्हर्टर असेल तर फायबरचा डबा, पीसी आणि स्विच तिन्ही त्याच लाइनवर घ्या. एकटा पीसी इन्व्हर्टरवर ठेवून उपयोग नाही. घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस आणि इको असं बटण असेल तर ते यूपीएसवर ठेवा. इकोमध्ये लाइट गेल्यावर बदली व्हायला जो क्षण जातो, त्यात पंखा-ट्यूब टिकतात पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. मावशीकडे जिन्याखालच्या त्या कोपऱ्यात इन्व्हर्टरची लाइन नाही, ती ओढायची अजून राहिली आहे.

तपासून घेतलं ते असं

सेल बदलून झाल्यावर मी लगेच निघालो नाही. फायबरचा डबा आणि मशीन, दोन्हींचे प्लग काढले आणि काका घड्याळ लावून बसले. मावशीने पोहे केले. पंचेचाळीस मिनिटांनी प्लग लावले, बटणाला कुणी हात लावला नाही. मशीन आपणहून सुरू झालं. फायबरचा डबा मशीनपेक्षा सावकाश उठतो, त्यामुळे पहिली दोन-तीन मिनिटं नेट नव्हतं. ते तसंच असतं, त्या वेळात काही दाबायचं नाही. मग वॅनला पत्ता मिळाला, डॅशबोर्डवर तारीख बरोबर होती, ताईच्या फोनवर पान उघडलं.

मग मी जुना, १.९ व्होल्टचा सेल परत बसवला. नवा सेल असताना सगळं चाललं तर त्या दोन सेटिंग काम करतात की नाही हे कळणार कसं? पुन्हा पंचेचाळीस मिनिटं. या वेळी बटण दाबावं लागलं, बायोस पुसलं गेलं होतं ना. पण लॉगमध्ये १ जानेवारीच्या थोड्या नोंदी दिसल्या आणि त्यापाठोपाठ आजची तारीख. मशीनने आकडी पत्त्यावरून वेळ आणली होती. नेट आलं. तेव्हा कुठे नवा सेल कायमचा बसवला, बायोसची सेटिंग पुन्हा भरली आणि कॅबिनेट बंद केलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मोठा पाऊस झाला. मला फोन आला नाही. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा कॅलेंडरवर बघितलं. पेन्सिलीने लिहिलं होतं: "साडेतीन तास. नेट आपोआप." आणि कॅबिनेटच्या बाजूला, सेल बदलल्याची तारीख लिहिलेली एक चिठ्ठी काकांनी चिकटपट्टीने लावून ठेवली होती.